अ‍ॅक्रिलिकची पाटी आणि घासाचा हिशेब

आमचा धंदा धान्याचा. तरी नातवाने हौसेने आणलेल्या सी.एन.सी. राउटरवर दुकानाची पाटी कापण्याचा उद्योग आम्ही आरंभिला. अक्षरे वडिलांच्या हातची, जुन्या लाकडी पाटीवरून उतरविलेली. नुकसान नको म्हणून यंत्र अगदी सावकाश चालविले. परिणाम उलटाच झाला. अ‍ॅक्रिलिक वितळून कटरला चिकटले, कटर मोडला आणि शीट वाया गेली.

याचे कारण जात्यासारखे आहे. जात्यात घास कमी पडला की दगडावर दगड घासून तापतो. अ‍ॅक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडते. कटरने नीट कीस काढला तर उष्णता किसाबरोबर बाहेर जाते. तो नुसता घासत राहिला तर ती तेथेच साठते.

हिशेब सोपा आहे. मिनिटाच्या चालीस फेरे व धारा यांच्या गुणाकाराने भागावे, म्हणजे एका धारेचा घास मिळतो. ३ मिलिमीटर व्यासाचा एकधारी कटर, मिनिटास १८,००० फेरे आणि १,८०० मिलिमीटर चाल असता घास ०.१ मिलिमीटर येतो. आमची चाल ३०० होती; घास जेमतेम ०.०१७ उरला! एका खेपेस खोली १ मिलिमीटर पुरे.

शीट ओतीव, म्हणजे बाजारात जिला 'कास्ट' म्हणतात ती घ्यावी. एक्स्ट्रुडेड लवकर वितळते. कापताना हवेचा झोत सोडावा, डोळ्यांस चष्मा लावावा. कापलेल्या कडा स्पिरिटने पुसू नयेत, बारीक तडे जातात. साबणाचे पाणी वापरावे.

दुसरी शीट या हिशेबाने कापली. वडिलांची अक्षरे आज पेढीवर झळकत आहेत. जपणे म्हणजे मंदावणे नव्हे, हे आम्हांस साठी उलटल्यावर कळले.