अलार्म हवा, पण रिमोट स्टार्ट?

पालकहो, गाडीला अलार्म बसवताना दुकानदार आग्रह करतो, "रिमोट स्टार्टही लावून घ्या, उन्हाळ्यात बसण्याआधीच एसी सुरू!" मुलांनो, इथे विचार करा. अलार्म चोराला थांबवण्यासाठी. रिमोट स्टार्ट मात्र चावी न फिरवता इंजिन सुरू करतो. चावीत इमोबिलायझरची चिप असेल तर काही ठिकाणी दुसरी चावीच डॅशबोर्डच्या आत लपवतात. मग त्या चिपचा उपयोग काय राहिला?

खरा धोका गियरच्या गाडीत. उतारावर आपण गाडी गियरमध्ये ठेवतो, ते योग्यच. पण तशीच असताना घरातून बटण दाबले तर स्टार्टर मोटरच्या जोराने गाडी उसळते. समोर मूल खेळत असले तर? म्हणून अशा गाडीसाठीच्या चांगल्या यंत्रात गियर न्यूट्रल करून, हँडब्रेक लावून, इंजिन चालू असतानाच उतरावे व दारे लावावी लागतात. मग इंजिन बंद होते. पुढे दार उघडले की रिमोट स्टार्ट रद्द. ही सोय नसेल तर घेऊच नये.

ऑटोमॅटिक गाडीही बंद गॅरेजमध्ये सुरू करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही.

माझ्या मते गियरच्या गाडीला नुसता अलार्म पुरे, तोही दर वेळी संकेत बदलणारा, रोलिंग कोडचा. वायरी कापू देण्याआधी वॉरंटीचा कागद मात्र वाचावा.