अमेरिकन वसाहतींवरील कर : पाठ घेताना

‘इंग्रजांनी अमेरिकेतील वसाहतींवर कर का बसविले?’ असे वर्गात विचारले, की ‘लोभामुळे’ हे उत्तर बहुधा तयार असते. शिक्षकबंधुभगिनींनी तेवढ्यावर समाधान मानू नये. त्या एका शब्दाने मुलांचा विचार तेथेच थांबतो.

पाठाचा आरंभ कर्जापासून करावा. १७५६ ते १७६३ या सप्तवार्षिक युद्धात इंग्लंडने फ्रान्सकडून कॅनडा मिळविला खरा. परंतु राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात गेले. शिवाय नव्या मुलखाच्या रक्षणासाठी सुमारे १०,००० सैनिक अमेरिकेत ठेवावयाचे ठरले. ज्यांचे रक्षण होते त्यांनी खर्चाचा काही भार उचलावा, असे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांचे म्हणणे होते. ही बाजू वर्गात प्रामाणिकपणे मांडावी. ती अगदीच पोकळ नव्हती. मुद्रांक कर इंग्लंडात १६९४ पासून होताच. १७६५ मध्ये तो वसाहतींतील दस्तऐवज, वृत्तपत्रे, इतकेच नव्हे तर पत्त्यांच्या जोडांवरही आला. एखाद्या जुन्या खरेदीखताचा मुद्रांकित कागद दाखविल्यास मुलांना हे चटकन उमगेल.

वसाहतवाल्यांचे म्हणणे निराळे होते. आपल्यावर कर बसविण्याचा अधिकार आपल्या प्रांतिक विधिमंडळांचा. पार्लमेंटात आपला एकही प्रतिनिधी नाही. १७६६ मध्ये पार्लमेंटाने मुद्रांक कायदा रद्द केला, पण त्याच वेळी दुसरा कायदा करून वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा आपला हक्क जाहीर केला. पैसा सोडला, हक्क सोडला नाही. येथे शिक्षकाने क्षणभर थांबावे. १७६७ साली बसविलेल्या नव्या जकाती १७७० मध्ये उठविल्या, तेव्हाही चहावरील रत्तलामागे तीन पेन्सांची जकात राहू दिली, ती याच हक्काची खूण म्हणून.

पुढील भागाचा धागा आपल्या देशाशी जुळतो. बंगालमधील १७७० च्या भीषण दुष्काळानंतर ईस्ट इंडिया कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि लंडनच्या वखारींत तिचा चहा पडून राहिला. तो थेट अमेरिकेत विकण्याची मुभा तिला १७७३ च्या कायद्याने मिळाली. चहा त्यामुळे महागला नाही, उलट स्वस्त होणार होता. जकात मात्र तशीच राहिली. तरीही १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनकरांनी ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या.

स्वस्त चहा त्यांनी का फेकला, हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.