मटणवाल्याला विचारता, तेवढं इथेही विचारा

अमेरिकेत नातेवाईक आले की ग्रँड कॅन्यन आणि लास वेगास ही जोडी ठरलेलीच. आम्ही फिनिक्सला राहतो. तिथून वेगास गाडीने पाचेक तास, त्यामुळे पाहुण्यांना फिरवून आणायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. आता गोतावळ्यातलं कुणी तिकडे निघालं की हमखास फोन येतो, "आबांच्या साठीचा विचका झाला ते हॉटेल कुठलं रे?" नाव मी सांगून टाकतो, पण नुसतं नाव कळून फारसा उपयोग नाही. त्या धाटणीचं स्टेकहाउस स्ट्रिपवरच्या, म्हणजे वेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या, जवळजवळ प्रत्येक मोठ्या कॅसिनोत आहे, आणि त्यांतली काही खरोखर चांगलीही आहेत. आत गेल्यावर आपण काय विचारतो यावर बरंच ठरतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आबा म्हणजे माझे कोल्हापूरचे आतेभाऊ. मटणातले दर्दी, पण गोमांसाला हात लावत नाहीत. वहिनी माळकरी. मी आणि बायको सगळं खातो. अशा चौघांना एका टेबलावर बसवायचं तर कॅसिनो हॉटेलातलं स्टेकहाउस बरं पडतं. तिथे कोकराचे चाप असतात, मासे असतात, भाज्या-बटाट्यांचे दहा प्रकार असतात. तिथवर सगळं ठीक होतं.

साडेसातचं टेबल राखून ठेवलं होतं. दारातल्या मुलीने गोड हसून सांगितलं, टेबल तयार होतंय, तोवर बारमध्ये बसा. बसलो. समोर अर्धं स्टेकहाउस रिकामं दिसत होतं. तरी पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात वीस-बावीस डॉलरची दोन कॉकटेल्स आणि साध्या सोड्याचे दोन ग्लास बिलावर चढले. बारच्या पलीकडे लगेच जुगाराची मशिनं. नेवाडात 2006च्या कायद्याने रेस्टॉरंटात धूम्रपानाला बंदी आहे, कॅसिनोच्या खेळाच्या जागेत नाही. त्यामुळे बारमध्ये बसलं की धूर आपल्या वाट्याला येतोच. वेळ ठरवून गेला असाल तर दहा मिनिटांनंतर शांतपणे विचारावं, "टेबल नेमकं कधी?" आणि बारमध्ये बसण्याऐवजी लॉबीत फेरी मारावी. फोनवर निरोप पाठवायची सोय बहुतेक ठिकाणी असते.

टेबलावर बसल्याबसल्या पहिला प्रश्न आला, पाणी कुठलं, साधं की बुडबुड्यांचं? यातलं 'साधं' म्हणजे बाटलीतलं, पैसे पडणारं. नळाचं हवं असेल तर 'टॅप वॉटर' असंच म्हणावं लागतं. मग वेटरने त्या दिवशीचे खास पदार्थ तोंडपाठ म्हणून दाखवले. लांब हाडाचा टॉमाहॉक, जपानी वाग्यू, लॉबस्टरची शेपटी. किंमत एकाचीही सांगितली नाही. मी प्रत्येकाची विचारली. तिसऱ्या वेळी विचारलं तेव्हा बायकोने टेबलाखालून पाय मारला.

हे पाय मारणं आपल्याकडे फार खोलवर रुजलेलं आहे. वाढलेल्या ताटाला नावं ठेवू नयेत, भाव विचारला तर लाज जाते, नेसलेल्या साडीला आणि बसलेल्या खुर्चीला शोभेल असं वागावं. पण हेच आपण मटणाच्या दुकानात कसे वागतो? आबा रविवारी सकाळी खाटकापुढे उभे राहिले की बोकड कधी कापलं, पुढचा पाय दाखव, सीना किती, चाप किती, नळी घाल, ही उलटतपासणी झाल्याशिवाय पिशवी पुढे करत नाहीत. दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही, कारण पुढच्या रविवारी हाच माणूस येणार आहे हे त्याला ठाऊक असतं. कॅसिनोच्या स्टेकहाउसात येणाऱ्यांपैकी फार थोडे पुन्हा येतात. काहींचं जेवण कॅसिनोच्या खात्यावर असतं, कारण ते जुगाराच्या टेबलावर त्याहून कितीतरी जास्त हरलेले असतात. काहींचं बिल कंपनी भरते. उरलेले आपल्यासारखे, वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला एकदाच येणारे. स्वतःच्या खिशातून देऊन पुढच्या आठवड्यात परत येणारं गिऱ्हाईक तिथे जवळपास नाहीच. मग स्वयंपाकघरावर वचक कुणाचा?

पूर्वी गणित उलटं होतं. 1941 साली एल रँचो वेगास हे स्ट्रिपवरचं पहिलं कॅसिनो हॉटेल उघडलं, आणि त्याच दशकात तिथे डॉलरभरात पोटभर जेवण देणारा बुफे सुरू झाला. खेळणारा माणूस भुकेपायी बाहेर पडू नये, एवढाच त्या जेवणाचा उद्देश. जेवणातला तोटा जुगार भरून काढायचा. 1992 मध्ये वोल्फगांग पक यांनी सीझर्स पॅलेसच्या फोरम शॉप्समध्ये स्पागो थाटलं आणि मागोमाग नामांकित शेफांची रीघ लागली. आज स्ट्रिपवरच्या बड्या कॅसिनोंना जुगारापेक्षा खोल्या, खाणंपिणं आणि कार्यक्रम यांतून जास्त पैसा मिळतो. स्वस्त स्टेकच्या दंतकथा ऐकून आलेल्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता मांसाकडे येऊ. मी रिबाय मागवला, मीडियम रेअर. अमेरिकी कृषी खात्याच्या प्रतवारीत प्राइम सर्वांत वर, त्याखाली चॉइस, त्याखाली सिलेक्ट. ही प्रतवारी सक्तीची नाही, सक्तीची आहे ती आरोग्य तपासणी. त्यामुळे मेनूवर 'उत्कृष्ट', 'निवडक', 'शेतावरून थेट' असं काहीही छापलेलं असलं तरी त्याला अर्थ नाही. 'प्राइम आहे का?' एवढंच विचारायचं. अँगस ही जात आहे, प्रत नव्हे. वाग्यूच्या बाबतीत तर विचारलंच पाहिजे की जपानी की अमेरिकी. अमेरिकी वाग्यू बहुतेकदा संकरित असतं. जपानी ए-5 प्रतीचं वाग्यू औंसावर विकलं जातं आणि एका औंसात अठ्ठावीस ग्रॅम, हे डोक्यात ठेवूनच मान डोलवावी. 'ड्राय एज्ड' म्हटलं तर किती दिवस, हा पुढचा प्रश्न. थंड कोरड्या हवेत तीनचार आठवडे टांगलेल्या मांसातलं पाणी उडतं, चव दाट होते, वजन घटतं. महाग पडतं ते त्यामुळे. वेटरला दिवस सांगता आले नाहीत तर ते जादा पैसे कशाचे, हे आपल्यालाही कळत नाही.

माझा रिबाय आला. वरून फिकट तपकिरी, ओलसर, नीट भाजल्याची करपट कड कुठेच नाही. सुरी घातली. बाहेरून आत बोटभर राखाडी पट्टा आणि मधोमध रुपयाएवढा गुलाबी ठिपका. कडेची चरबी वितळलेलीच नव्हती, पांढरी, रबरासारखी सुरीखाली सरकत होती. मीडियम रेअर म्हणजे आतलं तापमान साधारण 54 ते 57 अंश सेल्सिअस, आणि तो गुलाबीपणा जवळजवळ कडेपर्यंत दिसायला हवा. माझ्या ताटात होता तो मीडियम वेलपर्यंत गेलेला, आणि तरीही न भाजलेला. मंद आचेवर रेंगाळला की असं होतं. (ज्यांना ताटातला लाल रस बघून कसंतरी होतं त्यांच्यासाठी: ते रक्त नसतं, स्नायूंमधलं मायोग्लोबिन असतं.) शिवाय काही ठिकाणी ताट भट्टीतून काढून, वर लोणी तडतडत असताना आणतात. दिसायला झकास, पण तुकडा ताटातही शिजत राहतो. तसं ताट असेल तर एक पायरी कच्चं मागवावं. आणि 'मीडियम'चा अर्थ प्रत्येक स्वयंपाकघरात वेगळा असू शकतो, म्हणून नुसता शब्द न सांगता वर्णन करावं, आत गरम आणि गुलाबी, रस लाल नको, असं.

आबांचे चाप त्याहून वाईट निघाले. त्यांनी खाण्याआधीच बोटाने दाखवलं, "चरबी गोठलीय बघ." खरंच ताटावर मेणासारखी पांढरी साय धरली होती. कोकराची चरबी थोडं गार झालं तरी गोठते, म्हणून त्याचं ताट गरम हवं आणि वाढायला वेळ लागता कामा नये. हे चाप बराच वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीत वाट बघत उभे असणार.

वहिनींची गोष्ट शाकाहारी माणसं घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. कांद्याचं सूप शाकाहारी आहे, असं वेटरने छातीठोकपणे सांगितलं. मी म्हटलं, रस्सा कशाचा ते आत विचारून या. आला आणि म्हणाला, बीफचा. स्टेकहाउसात 'शाकाहारी' याचा अर्थ अनेकदा 'वर मांसाचे तुकडे दिसत नाहीत' एवढाच. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे बारके मासे असतात. ब्रसेल्स स्प्राउट्सवर बेकन भुरभुरलेलं असतं. फ्राइज गोचरबीत तळलेल्या असू शकतात. अस्सल परमेसान चीज जमवायला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं. माळ घातलेल्या माणसाला हे जेवून झाल्यावर सांगायची वेळ कुणावर येऊ नये. आदल्या दिवशी फोन करून थेट स्वयंपाकघरात विचारून घ्या आणि पदार्थ ठरवून ठेवा. वहिनी त्या रात्री भाजलेला बटाटा आणि वाफवलेलं ॲस्परॅगस खाऊन उठल्या.

मी दुसऱ्या घासाआधी वेटरला थांबवलं. हे महत्त्वाचं. "सगळं ठीक ना?" असं तो विचारतो तेव्हा आपल्या तोंडून सवयीने 'हो, हो' निघून जातं, आणि अर्धं ताट संपल्यावर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. नुसतं 'चांगलं नाही' म्हणू नये. 'मीडियम रेअर सांगितलं होतं, हे बघा काय आहे', असं ताट दाखवून बोलावं. आणि एकाचं ताट परत जात असेल तर बाकीच्यांचीही गरम ठेवायला न्या, असं सांगावं. आम्ही सांगितलं, त्यांनी नेली नाहीत. दुसरा रिबाय पंचवीस मिनिटांनी आला, बरा होता. पण तोवर बायकोचं जेवून झालं होतं आणि आबा हात पुसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

मॅनेजर आला तो मेणबत्ती लावलेला चॉकलेट केक घेऊन. फुकटचा केक ही तडजोडीची पहिली बोली असते, ती लगेच स्वीकारू नये. मी विचारलं, चाप बिलातून काढाल का? काढले. न विचारता काढले नसते.

बिल ओळीओळीने वाचा. क्लार्क काउंटीचा विक्रीकर 8.375 टक्के. त्यावर काही कॅसिनोंतल्या रेस्टॉरंटांत 'कन्सेशन अँड फ्रँचायझी फी' किंवा सीएनएफ अशी आणखी एक ओळ असते. तो कर नाही, धंद्याने लावलेली वसुली आहे. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत ती छापलेली असते, म्हणून आधी तळ वाचावा. सहा किंवा त्याहून जास्त माणसं असली तर टिप आधीच धरलेली असू शकते, आणि खाली तरीही टिपसाठी रिकामी जागा असते. टिपचे सुचवलेले आकडे अनेकदा करासकट रकमेवर काढलेले असतात. करापूर्वीच्या रकमेवर 18 ते 20 टक्के ही रीत. स्वयंपाकघराच्या चुकीसाठी वेटरची टिप कापणं मला पटत नाही. त्यातला वाटा ताटं उचलणाऱ्या पोरांनाही जातो. मी पूर्ण टिप ठेवली. आबांना हे अजून पटलेलं नाही.

सकाळी हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं, तर उत्तर आलं की ते रेस्टॉरंट आमचं नाही, दुसऱ्या कंपनीला चालवायला दिलेलं आहे. असं असू शकतं, म्हणून जे काही म्हणायचं ते टेबलावरून उठण्यापूर्वी, मॅनेजरसमोर म्हणावं, आणि बिलाची प्रत खिशात घालावी.

वेगासला जरूर जा. बेलाजिओची कारंजी बघा, 1998 पासून ती फुकट आहेत आणि अजूनही बघण्यासारखी आहेत. जेवायला मात्र गाडी काढून स्ट्रिपच्या पश्चिमेला स्प्रिंग माउंटन रोडवर जा. तिथे चायनाटाउन आहे, कोरियन आणि जपानी निखाऱ्यांवरचं मांस आहे, आणि गावातलीच माणसं पुन्हा पुन्हा येऊन जेवतात.