सुटलेले दृष्टिपटल व त्यावरील उपाय

मनुष्याच्या शरीरातील बहुतेक दुखणी आपल्या आगमनाची वर्दी वेदनेने देतात. दात किडला तर तो ठणकतो, पाय मुरगळला तर तो टेकवत नाही, आणि मग मूल आपण होऊनच आईकडे धाव घेते. परंतु डोळ्याचे एक दुखणे असे आहे की, ते दुखतच नाही. पुष्कळदा डोळा लाल होत नाही, सुजत नाही, पाहणाऱ्यास बाहेरून काही दिसत नाही. आणि आत मात्र ज्या पडद्यावर जगाचे चित्र उमटते तो पडदा आपल्या जागेवरून सुटत असतो. ह्यास दृष्टिपटल सुटणे असे म्हणतात. मुलांत हे दुखणे विरळा आढळते. पण आढळते तेव्हा ते फार उशिरा ध्यानात येते. म्हणून त्याची माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस असणे अगत्याचे आहे.

प्रथम डोळ्याची रचना थोडक्यात पाहू. मोठ्या माणसाच्या डोळ्याचा गोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. बाहेरचे पांढरे, चिवट आवरण ते श्वेतपटल. त्याच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला थर असतो, आणि सर्वांत आत दृष्टिपटल पसरलेले असते. हे कागदासारखे पातळ असून त्यात प्रकाश ग्रहण करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडाकार व ६० लाख शंकाकार पेशी असतात. त्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाची लहानशी जागा आहे. पुस्तकातील अक्षरे आपण वाचतो ती ह्या जागेच्या बळावर. गोलाच्या पोकळीत काचेसारखा स्वच्छ, दाट रस भरलेला असतो. त्यास आपण काचरस म्हणू.

आता पावसाळ्यात भिंतीला ओल येते तेव्हा काय होते ते आठवा. गिलाव्याला कोठे तरी चीर पडते, त्या चिरेतून पाणी मागे शिरते, आणि पाहता पाहता मोठा पोपडा सुटून येतो. दृष्टिपटलाचेही तसेच होते. त्यास बारीकसे भोक पडले किंवा ते फाटले, म्हणजे पातळ झालेला काचरस त्या वाटेने मागे शिरतो व पडदा मागील थरापासून अलग करतो. प्रकाशग्राही पेशींचे पोषण मागील रक्तमय थरातून होत असल्यामुळे सुटलेल्या भागातील पेशी उपाशी पडतात. त्या लगेच मरत नाहीत. परंतु जो जो दिवस लोटतो, तो तो त्यांची शक्ती क्षीण होत जाते. पीतबिंदू सुटण्यापूर्वी उपाय झाला तर दृष्टी बहुधा चांगली राहते. तो सुटून बराच काळ लोटला तर पडदा पुन्हा चिकटूनही पूर्वीची नजर येत नाही. ह्या दुखण्यात वेळेचे मोल एवढे आहे.

मुलांत हे घडण्याची कारणे मोठ्यांहून काहीशी निराळी असतात. चेंडू, विटी, दगड, बाण किंवा फटाका लागून झालेली इजा हे एक प्रमुख कारण होय. इजा झाल्यावर पडदा लागलाच सुटतो असे नाही. कित्येकदा काही आठवडे वा महिने मध्ये जातात, आणि घरची मंडळी ती गोष्ट विसरूनही गेलेली असतात. ज्या मुलांस फार मोठ्या क्रमांकाचा उणे चष्मा असतो, ज्यांच्या जन्मजात मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झालेली असते, किंवा ज्यांच्या कुळात हा विकार चालत आलेला असतो, त्यांस धोका अधिक. अकाली जन्मलेल्या अर्भकांत दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते, व त्यातूनही पुढे पडदा सुटू शकतो. ह्याकरिता आपल्या देशात ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या अर्भकाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावे, असा नियम वैद्यांनी घालून दिला आहे.

लक्षणे तीन. डोळ्यापुढे अकस्मात काळे ठिपके किंवा माशा उडताना दिसणे. अंधारातही विजेसारखी चमक दिसणे. आणि एका बाजूने काळा पडदा ओढल्याप्रमाणे छाया पसरत जाणे. मोठा मनुष्य हे पाहून घाबरतो व वैद्याकडे जातो. मूल मात्र दुसऱ्या डोळ्याने सर्व पाहत असते, म्हणून त्यास काही उणे वाटत नाही. आणि वाटले तरी ते शब्दांत कसे सांगावे हे त्यास उमगत नाही. कधी कधी खेळायला बंदी होईल ह्या भीतीनेही ते गप्प बसते.

ह्या बाबतीत स्कॉटलंडमधील एका विद्यार्थ्याची हकीकत बोधप्रद आहे. हा विद्यार्थी म्हणजे पुढे २००७ ते २०१० पर्यंत ब्रिटनचे पंतप्रधान असलेले गॉर्डन ब्राऊन. त्यांचा जन्म १९५१ सालचा. कर्कोल्डी येथील हायस्कुलात शिकून वयाच्या १६ व्या वर्षी ते एडिंबरो विद्यापीठात जाण्याच्या बेतात असता, शाळेच्या सत्राखेरच्या रग्बीच्या सामन्यात त्यांच्या डोक्यावर लाथ बसली व दृष्टिपटल सुटले. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. तथापि डाव्या डोळ्याची दृष्टी गेली ती गेलीच. पुढे विद्यापीठात असताना टेनिस खेळता खेळता तीच लक्षणे उजव्या डोळ्यात दिसू लागली. ह्या वेळी ती त्यांच्या ओळखीची होती. एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत हेक्टर चावला नावाच्या तरुण शस्त्रवैद्याने, त्या काळी प्रयोगावस्थेत असलेली शस्त्रक्रिया करून तो डोळा वाचविला. त्या एका डोळ्याच्या बळावर ह्या गृहस्थांनी विद्याभ्यास पुरा केला, व १९९७ पासून दहा वर्षे आपल्या देशाचा अर्थव्यवहार सांभाळला.

अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवणे हा फार जुना उपाय. शंभर वर्षांमागे बहुतेक ठिकाणी तेवढाच होता, आणि त्याने क्वचितच कोणाची दृष्टी परत येई. स्वित्झर्लंडमधील लोझान शहरचे नेत्रवैद्य ज्यूल गोनँ ह्यांनी (१८७०–१९३५) असे प्रतिपादन केले की, पडद्याला पडलेले भोक हेच ह्या रोगाचे मूळ असून ते बुजविल्यावाचून गुण यावयाचा नाही. तापलेल्या शस्त्राने ती जागा डागून ते भोक बंद करीत. प्रथम पुष्कळांनी अविश्वास दाखविला. परंतु १९२९ साली ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेनंतर त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे एका विद्यार्थ्याच्या दृष्टिपटलावर पडलेला डाग पाहून जर्मन वैद्य मायर-श्विकेराथ ह्यांना सुचले की, जो प्रकाश डोळा जाळतो तोच आवरून वापरला तर डोळा सांधूही शकेल. आजचे लेसर किरणांचे उपचार ह्याच विचाराच्या वाटेने आले आहेत. १९७० च्या सुमारास अमेरिकेत मायामी येथे रॉबर्ट माखेमर ह्यांनी डोळ्यात सूक्ष्म यंत्र घालून काचरस काढण्याची कृती सिद्ध केली. ते यंत्र त्यांनी आधी अंड्यातील पांढऱ्या भागावर चालवून पाहिले होते.

आज मुलास पूर्ण भूल देऊन ही शस्त्रक्रिया करतात. तिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात डोळ्याच्या बाहेरून श्वेतपटलावर सिलिकोनची पट्टी शिवून भिंत किंचित आत दाबतात, म्हणजे ती सुटलेल्या पडद्याला जाऊन भिडते. मग अतिशीत शलाकेने भोकाच्या कडा सांधतात. मुलांचा काचरस घट्ट व पडद्यास चिकटलेला असतो, म्हणून शक्य तेथे हा प्रकार पसंत करतात. दुसऱ्यात बारीक छिद्रांतून काचरस काढून घेतात, लेसरने भोक सांधतात, व पडदा जागेवर दाबून धरण्यासाठी पोकळीत वायू किंवा सिलिकोनचे तेल भरतात. गवंड्याच्या पाणसळीतील बुडबुडा जसा नेहमी वर जातो, तसाच डोळ्यातील वायूही वरच जातो. म्हणून भोक ज्या बाजूस असेल ती बाजू वर राहील अशा बेताने, कधी पालथे तर कधी कुशीवर, मुलास काही दिवस ठेवावे लागते. लहान मुलाकडून हे होणे कठीण. तेथे तेल उपयोगी पडते, पण ते काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढावे लागते. वायू आपोआप जिरतो. तो डोळ्यात असेतोवर विमानप्रवास करू नये व वैद्यास विचारल्याशिवाय उंच घाट चढून जाऊ नये. कारण वर हवेचा दाब कमी होऊन वायू फुगतो व डोळ्यास धोका होतो.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले असे पालकांनी समजू नये. पडदा जागेवर बसणे ही एक गोष्ट, आणि दिसू लागणे ही दुसरी. दृष्टी हळूहळू, कित्येक महिन्यांत सुधारते. मुलांच्या डोळ्यात जखमेचे जाळे लवकर धरते व त्याच्या ओढीने पडदा पुन्हा सुटू शकतो. तेव्हा एकाहून अधिक शस्त्रक्रिया लागल्या तरी धीर सोडू नये. ह्याशिवाय सात-आठ वर्षांच्या आतील मुलाचा मेंदू अधू डोळ्याचा उपयोगच सोडून देतो. त्यासाठी योग्य चष्मा लावून, चांगला डोळा रोज ठरावीक वेळ झाकून, अधू डोळ्यास कामाला लावावे लागते. हे काम शस्त्रवैद्याचे नसून आईबापांचे आहे, आणि त्यास फार चिकाटी लागते. मूल शाळेत परत आले म्हणजे त्यास पुढच्या बाकावर बसू द्यावे, खेळाची परवानगी वैद्याने दिल्यावरच द्यावी, व दुसरा डोळाही वेळोवेळी तपासून घ्यावा. ज्याची एकाच डोळ्यावर भिस्त आहे, त्याने न फुटणाऱ्या भिंगांचा चष्मा नेहमी वापरावा.

विद्यार्थी मित्रहो, महिन्यातून एकदा एक डोळा तळहाताने झाका व दुसऱ्याने भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहा. मग डोळा बदला. दोहोंत फरक वाटला, कोठे छाया दिसली, किंवा डोळ्यावर मार बसला, तर ती गोष्ट त्याच दिवशी घरी सांगा. डोळा चोळू नका, त्यात मध किंवा दूध घालू देऊ नका. आणि पालकांनीही असे सांगणाऱ्या मुलावर रागावू नये. त्यास अभ्यास टाळण्याची सबब न समजता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. शस्त्रवैद्याचे कौशल्य आज पुष्कळ वाढले आहे. पण रोगी त्याच्या दारी वेळेवर पोहोचेल की नाही, हे मुलाच्या जिभेवर व आईबापांच्या कानांवर अवलंबून आहे.