परवान्याआधी कायदा : ठेकेदारी करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी एक पाठ



शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत बांधकामाला कधी खंड पडलेला नाही. तानसा, भातसा ही धरणे येथे झाली, मुरबाडला एम.आय.डी.सी. आली आणि अलीकडे समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ५ जून २०२५ रोजी खुला झालेला शेवटचा टप्पा शहापुरातूनच गेला. या सर्व कामांवर आपल्या वस्त्यांतील माणसे होती. कोणी घमेले उचलले, कोणी सळई बांधली, कोणी वायरिंग ओढले. परंतु कामाच्या फलकावर 'ठेकेदार' या शब्दापुढे आपल्या माणसाचे नाव क्वचितच दिसले. याची कारणे पुष्कळ आहेत. भांडवल नाही, ओळख नाही, जात आडवी येते, हे सारे खरेच आहे. पण बँकेच्या खिडकीमागे बसून मी आणखी एक कारण पाहिले आणि या लेखात तेवढ्यापुरतेच लिहिणार आहे. ते कारण म्हणजे कागद न वाचता सही करणे.

मी कला शाखेचा पदवीधर. वकील नाही, अभियंता नाही. म्हणून येथे जे लिहिले आहे ते अभ्यासाची सुरुवात म्हणून घ्यावे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ठेकेदाराचा परवाना हवा असेल तर आपल्या धंद्याच्या पेपरबरोबर 'कायदा आणि व्यवसाय' असा एक स्वतंत्र पेपर द्यावा लागतो. सुतार असो की नळकारागीर, करार, मजुरी, विमा, हिशेब यांवरील प्रश्न त्याला सुटत नाहीत. आपल्याकडे महाराष्ट्रात स्थापत्य कामासाठी अशी परीक्षा नाही. सार्वजनिक बांधकाम विभागात वा जिल्हा परिषदेत नोंदणी होते ती अनुभव, ऐपतीचा दाखला, बँकेची कागदपत्रे आणि ठरलेला वर्ग पाहून. वीजकामात मात्र परीक्षा आहे. शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून तारतंत्री आणि पर्यवेक्षक यांच्या परीक्षा होतात, आणि पर्यवेक्षक व तारतंत्री नेमल्याशिवाय विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती मिळत नाही. शिक्षणाप्रमाणे काहींना परीक्षेतून सूट असते. अर्ज करण्यापूर्वी मंडळाच्या नियमांची ताजी प्रत पाहावी.

या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना एक सूचना. बाजारात जुनी मार्गदर्शके अजून मिळतात आणि त्यांत १९५६ चे भारतीय वीज नियम पाठ करायला दिलेले असतात. १९१० चा वीज कायदा जाऊन २००३ चा आला. सुरक्षिततेचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये नव्याने केले आणि त्यांचीही जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. कामगार कायद्यांचेही तसेच. १९४८ चा किमान वेतन कायदा, १९७० चा कंत्राटी कामगार कायदा, १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा ही नावे आपल्या तोंडी बसली आहेत. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हे कायदे त्यांत सामावले गेले. तेव्हा थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्याने वापरायचे, ही आपल्या घरातील चांगली रीत या विषयात चालणार नाही.

ज्यांना परीक्षा नाही त्यांनी सुटलो असे समजू नये. त्यांची परीक्षा टेंडरच्या कागदावर होते, आणि तेथे नापास झालेल्याला फी परत मिळत नाही.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात मुंबईतील बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत अर्धवेळ अध्यापक म्हणून व्यापारी कायदा शिकवला. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे चवदार तळ्याच्या संगराच्या काळातच बाबासाहेब करार, भागीदारी असे विषय असणारा कायदा विद्यार्थ्यांना समजावून सांगत होते. आपण घटना बाबासाहेबांची म्हणून अभिमानाने सांगतो. पण त्यांनी शिकवलेला हा रोजच्या व्यवहाराचा कायदा आपल्या विहारांतून कोणी शिकवत नाही. मला याचे वाईट वाटते.

आता मूळ विषयाकडे येऊ.

पहिला कायदा म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२. एकाने प्रस्ताव द्यायचा, दुसऱ्याने तो स्वीकारायचा, दोघांची संमती मोकळी हवी, दोघे सज्ञान हवेत आणि हेतू कायदेशीर हवा. कलम १० चा हा सारांश आहे. खात्याने टेंडरची जाहिरात दिली म्हणजे खात्याने प्रस्ताव दिला असे नव्हे. ते प्रस्ताव मागवणे असते. प्रस्ताव आपण देतो, दर भरून. म्हणून दर भरताना हात कापला पाहिजे. स्वीकृती आल्यावर 'माझा हिशेब चुकला' म्हणून मागे फिरलात तर बयाणा रक्कम जप्त होऊ शकते.

महाराष्ट्रात बी-१ आणि बी-२ असे दोन नमुने प्रचारात आहेत. बी-१ मध्ये खात्याने ठरवलेल्या दरांवर आपण इतके टक्के कमी किंवा जास्त असे एकच अंक भरतो. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर आपण लिहितो. नवा माणूस बहुधा बी-१ मध्ये फसतो, कारण एक अंक भरणे सोपे वाटते. शेजारच्याने पंधरा टक्के कमी भरले होते, मग आपण अठरा भरू, असा हिशेब चहाच्या टपरीवर होतो.

हा अठराचा हिशेब कागदावर मांडून पाहू. अंदाजपत्रक ५,००,००० रुपयांचे. अठरा टक्के कमी म्हणजे काम ४,१०,००० रुपयांना. जीएसटी वेगळा मिळतो असे धरा. बिल निघताना एकल मालकाचा आयकर १ टक्का कापला जातो, ४,१०० रुपये. करार अडीच लाखांच्या वर असल्याने जीएसटीपोटी २ टक्के, ८,२००. कामगार कल्याण उपकर १ टक्का, ४,१००. सुरक्षा अनामत ५ टक्के धरली तर २०,५००. एकूण कपात ३६,९००, हाती ३,७३,१००. आता खडी, सिमेंट, मजुरी, वाहतूक मिळून खर्च ३,८०,००० झाला असेल तर काम पूर्ण झाल्या दिवशी खिशातून ६,९०० गेलेले असतात. आयकर आणि जीएसटीची कपात हिशेबात परत मिळते, अनामत दोष दायित्वाचा काळ संपल्यावर सुटते. परत येत नाही तो उपकर. म्हणजे खरा नफा ३०,००० मधून ४,१०० जाऊन २५,९०० राहिला. पण त्या कामासाठी सावकाराकडून तीन लाख रुपये दरमहा ३ टक्क्यांनी चार महिन्यांसाठी घेतले असतील, तर व्याजच ३६,००० होते. घाम गाळून १०,१०० रुपयांचा तोटा! शिवाय फार कमी दर भरणाऱ्याकडून खाते अतिरिक्त कार्यसुरक्षा अनामत मागते, ती वेगळीच. असा ठेकेदार मग सिमेंटमध्ये हात मारतो नाही तर मजुराच्या पगारात, आणि बदनामी सर्वांची होते.

कपातीचे पैसे परत मिळवायचे असतील तर पॅन, जीएसटी आणि विवरणपत्र वेळेवर भरणे हे आलेच. 'सी.ए. परवडत नाही' म्हणणारा माणूस कपातीचे पैसे दरवर्षी सरकारकडे सोडून देतो हे मी पाहिले आहे.

दुसरी मोठी गोष्ट तोंडी कामाची. साहेब जागेवर येतात आणि म्हणतात, "अजून वीस मीटर गटार ओढून टाक, बघू पुढे." आपण ओढतो. बिलाच्या वेळी साहेबांची बदली झालेली असते. संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे शासनाचा करार राज्यपालांच्या नावे आणि अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या सहीनेच व्हावा लागतो. साहेबाचा शब्द म्हणजे शासनाचा शब्द नव्हे. तरी अशा वेळी सर्व काही संपते असेही नाही. करार कायद्याचे कलम ७० सांगते की फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला तर त्याने भरपाई दिली पाहिजे. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स (ए.आय.आर. १९६२ सर्वोच्च न्यायालय ७७९) या खटल्यात एका ठेकेदाराने सरकारी खात्यासाठी गोदामाच्या शेड आणि कच्चा रस्ता अशी कामे अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून केली होती, रीतसर करार नव्हता, तरीही न्यायालयाने या कलमाखाली त्याला मोबदला मिळवून दिला. पण ध्यानात घ्या, ते काम १९४४ चे आणि निकाल १९६१ च्या डिसेंबरातला. इतकी वर्षे आपल्यापैकी कोण थांबू शकेल? त्यापेक्षा त्याच दिवशी संध्याकाळी दोन ओळींचे पत्र आवक-जावकला द्यावे आणि पोच घ्यावी. वाढीव काम मोजमाप पुस्तकात, ज्याला सगळे एम.बी. म्हणतात त्यात, चढले की नाही ते स्वतः पाहावे. कामाच्या पैशाचा दावा साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो, हेही डायरीत लिहून ठेवावे.

भागीदारीबद्दल थोडक्यात. मित्रांनी मिळून फर्म काढली तर ती निबंधकाकडे नोंदवा. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे बिगरनोंदणीची फर्म कराराचे पैसे वसूल करण्यासाठी तिऱ्हाइताविरुद्ध दावा लावू शकत नाही.

आता जे लिहिण्यासाठी मी हा लेख घेतला त्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्या खिडकीवर आला. गावाचे नाव सांगत नाही, आपल्याच भागातला. त्याच्या नावावर ठेकेदारीची नोंदणी होती, चालू खाते होते, उलाढाल लाखांत होती आणि त्याच्या पायात तुटकी चप्पल होती. एका बड्या माणसाने त्याच्या जातीच्या दाखल्यावर आणि नावावर नोंदणी काढली होती. पोरगा त्याच्याच साइटवर रोजंदारीने जात होता आणि चेकबुकाचे सर्व चेक कोरे, सही करून दिलेले होते. त्याच्या हातात कराची नोटीस होती. ती त्याने मला वाचायला दिली. म्हणाला, "भाऊ, हे कोणाचं आहे?" मी म्हणालो, "तुझंच आहे रे." त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

मित्रांनो, कोरा चेक हा कोरा नसतो. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सही करून स्वेच्छेने दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी कायद्याचे गृहीतक सही करणाऱ्याच्या विरुद्ध लागते. उलट सिद्ध करणे त्याच्याकडे येते. चेक न वटल्यास कलम १३८ लागते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. आपले पैसे अडकले असतील तर याच मुदती आपल्यासाठी शस्त्र आहेत, आणि आपण कोरे चेक दिले असतील तर त्याच आपल्या गळ्याशी येतात. परवाना, दाखला आणि सही यांपैकी काहीही भाड्याने देऊ नये. महिन्याला पाच-दहा हजार मिळतात म्हणून देणारे आहेत. मला त्यांची गरज कळते, तरी मी देऊ नका असेच म्हणेन.

आणि आपण स्वतः मालक झालो तर? येथे सिगालोवाद सुत्ताची आठवण होते. तथागतांनी गृहपतीला सांगितले की सेवकाला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात सांभाळावे, वेळेवर सुट्टी द्यावी. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन धंद्याला, चौथा अडचणीसाठी राखून. दोन भाग धंद्यात ठेवणारा ठेकेदार सावकाराच्या दारी जात नाही. मजूर मंत्री या नात्याने बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मांडले होते, त्याचाच १९४८ चा कायदा झाला. त्यांच्या नावाने जयजयकार करणाऱ्या ठेकेदाराने कातकरी मजुराला उचल देऊन वर्षभर बांधून ठेवणे शोभणारे नाही, आणि १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तो गुन्हाही आहे. सुरक्षिततेबद्दल सरळांबे विसरू नका. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री याच शहापूर तालुक्यात महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळून वीस कामगार गेले. हजेरीपट, विमा, हेल्मेट, पट्टा या गोष्टी मोठ्या कंपनीच्याच नव्हेत, चार मजुरांच्या कामावरही लागतात.

अभ्यास कधी करावा? आमच्याकडे पावसाळ्यात कामे बंद असतात आणि नेमका तेव्हाच विहारांत वर्षावास चालू असतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचन होते. ते झाल्यावर आठवड्यातून एक तास एखादे जुने, संपलेल्या कामाचे टेंडर पुस्तक घेऊन बसावे. एकाने अटी मोठ्याने वाचाव्यात, प्रत्येक अटीला 'यात माझे काय जाते?' असे विचारावे. मराठी-इंग्रजी शब्दांची वही करावी, कारण अटी बहुधा इंग्रजीत असतात. मुली-सुनांनाही बसवावे. घरचा हिशेब पुष्कळदा त्याच ठेवतात.

सुरुवातीला हे तीन प्रश्न सोडवून पाहावेत. अंदाजपत्रक ८,००,०००, दर १२ टक्के कमी, वरच्याप्रमाणेच कपात, तर हाती किती? (उत्तर : ७,०४,००० मधून ६३,३६० वजा जाऊन ६,४०,६४०.) नोंदणी न केलेल्या फर्मचे दोन लाख एका खासगी बिल्डरकडे अडकले आहेत, तर फर्मला दावा लावता येईल काय? (उत्तर : कलम ६९ पाहा, आधी नोंदणी.) तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर छापत नाही, ते विहारात बसून काढावे : साहेबांनी सांगितलेले वीस मीटर गटार तुम्ही ओढले आहे, एम.बी.त ते चढलेले नाही, आणि साहेबांची बदली येत्या सोमवारी आहे. शनिवारी सकाळी तुम्ही कोणाला, काय लिहून द्याल?