सागरतळीचा सोबती

कॅमेऱ्यात पाणी शिरले की तो निकामी होतो. मग समुद्राच्या तळाशी छायाचित्रे कशी घेतली जातात?

लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांना हाच प्रश्न पडला होता. 1893 साली भूमध्य समुद्राकाठी बान्यूल येथील प्रयोगशाळेत ते संशोधन करीत होते. त्यांचे बंधू ओग्यूस्त हे अभियंते होते. त्यांनी कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटी तयार केली. ती इतकी अवजड होती, की पाण्यात सोडण्यास अनेकांचे साहाय्य लागे. बुताँ पाणबुड्याचा जड पोशाख चढवून तळाशी उतरत. तेथे प्रकाश अंधूक असे. त्यामुळे एका चित्रासाठी भिंग कधी कधी अर्धा तास उघडे ठेवावे लागे. तितका वेळ खडक स्थिर राहत. मासा कसा राहणार? तो समोरून पोहत गेला, तरी चित्रात त्याचा मागमूसही उरत नसे.

1943 साली झाक कुस्तो आणि एमील गान्याँ यांनी हवेची टाकी पाठीवर घेऊन बुडी मारण्याचे साधन सिद्ध केले. माणूस पाण्यात मोकळेपणाने विहरू लागला. परंतु हातातील पेटीचे ओझे कायम होते. तेव्हा कुस्तो यांच्यासाठी झाँ द वाउटर्स या बेल्जियन अभियंत्यांनी निराळाच विचार केला. कॅमेरा पेटीत ठेवण्याऐवजी कॅमेऱ्याचे कवचच पेटीसारखे का करू नये? त्यांनी कवचाच्या सांध्यांत रबरी कडी बसविली. पाण्यात दर 10 मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाने कडे अधिकच घट्ट बसते. जे पाणी वैरी, तेच राखणदार झाले! कुस्तो यांच्या जहाजावरून या कॅमेऱ्यास ‘कॅलिप्सो’ हे नाव मिळाले. 1963 साली जपानच्या निकॉन कंपनीने तो ‘निकोनॉस’ या नावाने बाजारात आणला. तो 50 मीटर खोलीपर्यंत नेता येई. या मालिकेचे उत्पादन 2001 साली थांबले. परंतु रबरी कड्याची युक्ती आजच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांतही वापरली जाते.

प्रवासात ओझे कमी असावे, हे खरेच. परंतु पाण्याखाली लहान कॅमेऱ्याचा आणखी एक लाभ आहे. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते. म्हणून दूरचा तांबडा मासाही निळसर आणि धूसर दिसतो. मोठे भिंग हा दोष दूर करू शकत नाही; माशाच्या जवळ जाणे हाच त्यावर उपाय. लहान कॅमेरा एका हातात मावतो, दुसरा हात मोकळा राहतो आणि खडकांच्या कपारींपाशीही सहज पोचता येते. सोबत छोटा दिवा असला, तर तांबडा रंग पुन्हा उजळतो. म्हणून जाणता प्रवासी रुंद दृश्य टिपणारा छोटा कॅमेरा, एक दिवा आणि एक जादा कडे एवढेच सामान घेतो.

मात्र सामान थोडे असले, तरी काळजी थोडी चालत नाही. कड्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला, तर तेवढ्या फटीतून पाणी आत शिरते. म्हणून बुडी मारण्यापूर्वी कडे पुसून तपासावे आणि वर आल्यावर बंद कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून धुवावा. मीठ वाळून सांध्यांत बसले, तर पुढच्या बुडीत तो दगा देईल.

अभ्यास

1. बुताँ यांच्या चित्रांत पोहणारे मासे का उमटत नसत?
2. ‘जे पाणी वैरी, तेच राखणदार झाले’ हे कसे, ते स्पष्ट करा.