जायबंदी जवानांसाठी सायकल-यात्रा : निधी आणि पुनर्वसन

युद्धातील शौर्याची नोंद पदकांच्या रूपाने होते आणि वीरमरण पत्करणाऱ्यांची नावे स्मारकांवर कोरली जातात. रणांगणावरून जिवंत परतलेल्या, पण पाय, हात किंवा दृष्टी गमावलेल्या जवानाचे प्रश्न मात्र त्यानंतरच सुरू होतात. रुग्णालयातील उपचार काही महिन्यांत संपतात. पुढची तीस-चाळीस वर्षे त्याला गावात, घरात आणि समाजात काढावयाची असतात. निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय मदत यांची गरज निर्विवाद आहे. तथापि गमावलेला आत्मविश्वास केवळ त्यांच्या बळावर परत येत नाही.

या प्रश्नावर गेल्या दोन दशकांत काही देशांनी एक साधा उपाय योजिला आहे. तो म्हणजे जायबंदी जवानांसाठी आणि त्यांच्यासह काढण्यात येणारी सायकल-यात्रा. या उपक्रमांतून निधी उभा राहिला, हे सर्वज्ञात आहे. परंतु त्यांचे खरे यश कशात आहे आणि ते कोणत्या अटींवर मिळते, याचा अभ्यास महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना उद्बोधक ठरेल.

क्रीडेतून पुनर्वसन

जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात क्रीडेला स्थान देण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. लुडविग गुटमान यांच्याकडे जाते. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात १९४४ मध्ये मज्जारज्जूच्या दुखापतींसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्या काळी अशा रुग्णाचे आयुष्य अंथरुणातच संपणार, असे गृहीत धरले जाई. गुटमान यांनी हे गृहीत नाकारले. २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. तीत चाकांच्या खुर्चीवरील १६ जखमी स्त्री-पुरुष सैनिकांनी भाग घेतला. या रोपट्याचा पुढे पॅरालिंपिक स्पर्धांच्या रूपाने वटवृक्ष झाला. १९६० मध्ये रोम येथे पहिली स्पर्धा झाली. सायकलचा समावेश १९८४ मध्ये झाला आणि हातांनी चालविण्याच्या सायकलीच्या शर्यतींना २००४ च्या अथेन्स स्पर्धेत स्थान मिळाले.

स्पर्धेत मात्र मोजकेच खेळाडू उतरू शकतात. ज्याला पदक जिंकावयाचे नाही, परंतु पुन्हा मोकळ्या रस्त्यावर यावयाचे आहे, अशा सामान्य जवानासाठी काय करावे? सायकल-यात्रेचा उपक्रम या गरजेला उत्तर देतो.

अमेरिकेतील अनुभव

इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांतून अमेरिकेचे हजारो सैनिक जखमी होऊन परतले. त्यांच्या मदतीसाठी २००३ मध्ये ‘वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट’ ही संस्था स्थापन झाली. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथील ख्रिस कार्नी या नागरिकाने या संस्थेला निधी मिळवून देण्यासाठी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलप्रवास केला. ‘सोल्जर राइड’ या उपक्रमाचा हा आरंभ होय.

त्यानंतर घडलेली गोष्ट अधिक महत्त्वाची ठरली. २००५ च्या यात्रेत स्वतः जखमी सैनिकच सहभागी झाले. त्यांत हीथ कॅलहून होते. २००३ मध्ये इराकमध्ये रॉकेटचलित बाँबच्या माऱ्यात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. त्यांनी हातांनी चालविण्याच्या सायकलीवरून प्रवास केला. हेच कॅलहून पुढे बर्फावरील घसरखेळात तयार झाले आणि २०१० च्या व्हँकूवर हिवाळी पॅरालिंपिकमध्ये अमेरिकन पथकाचे ध्वजधारी म्हणून अग्रभागी आले.

अशा रीतीने एका नागरिकाने सैनिकांसाठी केलेला प्रवास सैनिकांचा स्वतःचा प्रवास बनला. आज ‘सोल्जर राइड’ हा अमेरिकेच्या निरनिराळ्या शहरांत होणारा काही दिवसांचा कार्यक्रम आहे. सहभागी सैनिकाला त्याच्या शरीराच्या गरजेनुसार जुळवून घेतलेली सायकल दिली जाते. तेथे शर्यत नसते, क्रमांक लावले जात नाहीत. माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनीही २०११ मध्ये टेक्ससमधील बिग बेंड परिसरात जखमी सैनिकांसह १०० किलोमीटरची डोंगरी सायकल-यात्रा सुरू केली.

ब्रिटनमधील अनुभव

ब्रिटनमध्ये ब्रिन आणि एमा पॅरी या दांपत्याने २००७ मध्ये बर्मिंगहॅम येथील सेली ओक रुग्णालयात जखमी सैनिकांची भेट घेतली. त्याच वर्षी त्यांनी ‘हेल्प फॉर हीरोज’ ही संस्था काढली. संस्थेच्या आरंभीच्या उपक्रमांपैकी एक म्हणजे २००८ मधील फ्रान्सच्या जुन्या रणभूमींवरून काढलेली सायकल-यात्रा. महायुद्धांतील सैनिकांच्या दफनभूमींवरून जाणाऱ्या या मार्गाने सहभागी नागरिकांना मागील पिढीच्या त्यागाचे आणि आजच्या जखमी जवानाच्या गरजेचे एकाच वेळी स्मरण करून दिले.

या संस्थेने निधीचे उद्दिष्ट निश्चित शब्दांत मांडले, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. सरे परगण्यातील हेडली कोर्ट येथे सैनिकांचे पुनर्वसन केंद्र होते. परंतु पूर्ण आकाराचा पोहण्याचा तलाव तेथे नव्हता. रुग्णांना जवळच्या गावातील सार्वजनिक तलावावर जावे लागे. केंद्रासाठी स्वतंत्र तलाव बांधणे, हे उद्दिष्ट संस्थेने लोकांपुढे ठेविले आणि २०१० मध्ये तो तलाव खुला झाला. पैसे देणाऱ्या प्रत्येकाला आपल्या देणगीचे फळ डोळ्यांनी पाहता आले. पुढे २०१८ मध्ये या केंद्राचे कार्य नॉटिंगहॅमशायरमधील स्टॅनफर्ड हॉल येथील नव्या केंद्राकडे सोपविण्यात आले.

सायकलच का?

धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या भाराचा आघात पायावर होतो. पाय कापलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हा आघात उरलेल्या खुंटावर आणि कृत्रिम पायाच्या खोबणीत येतो. सायकलीवर बसल्यानंतर शरीराचा बराचसा भार बैठकीवर जातो. त्यामुळे खुंटाला फारसा धक्का न लागता हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांना व्यायाम मिळतो. शिवाय गुडघ्याखाली पाय कापलेली व्यक्ती थोड्या सरावानंतर साध्या सायकलीवरही बसू शकते. कृत्रिम पाऊल पायट्यावरून घसरू नये, एवढी व्यवस्था करावी लागते. गुडघ्यावर पाय कापलेला असल्यास काही जण एकाच पायाने सायकल चालवितात.

इतर दुखापतींसाठी वेगळी वाहने आहेत. कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या जवानासाठी हातांनी चालविण्याची तीनचाकी सायकल असते. आपल्याकडे दिव्यांगांना मिळणारी हात-पायट्याची तीनचाकी सर्वांच्या परिचयाची आहे. व्यायामासाठी व शर्यतीसाठी वापरली जाणारी सायकल तिचीच बहीण म्हणता येईल. फरक एवढाच, की तिची बैठक जमिनीलगत असते, चालक बहुधा मागे रेलून बसतो, दोन्ही हात एकाच वेळी पुढे-मागे फिरतात आणि चढासाठी गिअरची सोय असते. दृष्टी गमावलेला जवान दोन बैठकींच्या जोड-सायकलीवर मागे बसतो आणि डोळस सोबती पुढे बसून दिशा सांभाळतो. मेंदूला इजा होऊन तोल जात असल्यास पायांनी चालविण्याची तीनचाकी उपयोगी पडते.

मनावरील परिणामही तितकाच मोलाचा आहे. सैनिकाचे जीवन तुकडीत घडलेले असते. जखमेनंतर तो एकाएकी तुकडीबाहेर फेकला जातो आणि घरच्यांच्या दयेचा विषय बनतो. सामुदायिक यात्रेत सर्वांत मागे असलेल्याच्या गतीने तांडा चालतो. चढावर एखाद्याचे हात थकले, तर शेजारचा सायकलस्वार त्याच्या पाठीला हात लावून त्याला वर नेतो. ही मदत दयेची नसून सोबत्याची असते, हे सैनिकाला सांगावे लागत नाही.

काळजी कोणती घ्यावी?

उत्साहाच्या भरात शारीरिक मर्यादांकडे दुर्लक्ष होता कामा नये. मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीच्या दुखापतीखालील भागास घाम नीट येत नाही. त्यामुळे उन्हात शरीराचे तापमान वेगाने वाढते. अशा व्यक्तींची यात्रा सकाळच्या थंड वेळी ठेवावी आणि अंगावर पाणी शिंपडण्याची व्यवस्था असावी. बधिर भागावर सतत दाब पडल्यास जखम होते आणि ती वेळीच कळत नाही. म्हणून बैठकीवर योग्य गादी असावी आणि विश्रांतीच्या वेळी शरीराचा भार हलविण्यास अवसर द्यावा. कृत्रिम पाय वापरणाऱ्यांच्या खुंटाची त्वचा रोज तपासावी. जमिनीलगतची सायकल मोटारचालकांच्या दृष्टीस सहज पडत नाही, यास्तव तिला उंच काठीवर ठळक रंगाचे निशाण लावणे आवश्यक आहे.

निधीचा चोख हिशेब

जवानाच्या नावाने मागितलेल्या पैशाला जनता सढळ हाताने दाद देते. म्हणूनच त्या पैशाची जबाबदारी अधिक. २०१६ च्या प्रारंभी ‘वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट’ या संस्थेच्या परिषदा, प्रवास व तत्सम बाबींवरील खर्चाविषयी अमेरिकन वृत्तसंस्थांनी प्रश्न उपस्थित केले. संचालक मंडळाने बाहेरील तज्ज्ञांकडून तपासणी करविली. काही आरोप चुकीचे असल्याचे मंडळाने म्हटले. तथापि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात संस्थेच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले. संस्थेचे कार्य पुढे चालू राहिले, परंतु देणगीदारांचा विश्वास परत मिळविण्यासाठी तिला परिश्रम घ्यावे लागले. उपक्रम कितीही उदात्त असला, तरी हिशेब लोकांपुढे मांडल्याखेरीज तो टिकत नाही, हा धडा यातून मिळतो.

महाराष्ट्राची परंपरा

जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचे कार्य महाराष्ट्राला नवे नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या भारतीय सैनिकांना व्यवसायशिक्षण देण्यासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था पुण्याजवळील खडकी येथे आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचे आहे. मज्जारज्जूच्या दुखापतीने लुळे पडलेल्या सैनिकांसाठी खडकी येथेच १९७४ मध्ये पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले.

क्रीडेने जखमी जवानाचे आयुष्य कसे पालटते, याची उदाहरणेही येथलीच आहेत. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक होय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. नागालँडचे होकाटो सेमा यांनी २००२ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावला. पुण्यात त्यांना गोळाफेकीची वाट सापडली आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्याच स्पर्धेत भारताचे सायकलपटू प्रथमच उतरले. त्या दोघांपैकी ज्योती गडेरिया या भंडारा जिल्ह्यातील आहेत. त्या सैनिक नाहीत. परंतु पाय गमावल्यावरही सायकलीवर जागतिक पातळी गाठता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

गावपातळीवर काय करता येईल?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी यांसारखी गावे आपल्या नावातच सैनिकी परंपरा मिरवितात. इतर असंख्य गावांतही माजी सैनिक आहेत आणि त्यांत जायबंदी जवानही आहेत. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबर रोजी सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. शाळा आणि कार्यालये यांच्यामार्फत निधी गोळा होतो. या दिवशी छातीवर लहानसा ध्वज लावून विद्यार्थी आपला वाटा देतात. परंतु ज्याच्यासाठी तो दिला, तो जवान त्यांना क्वचितच भेटतो. येथेच सायकल-यात्रेची जोड देता येईल. डिसेंबरातील थंड हवाही तिला अनुकूल आहे.

त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. पाच-दहा किलोमीटरचा सपाट रस्ता, पोलीस ठाण्याला पूर्वसूचना, प्राथमिक आरोग्य केंद्राचे एक पथक आणि पाण्याची सोय एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या साहाय्याने परिसरातील जायबंदी जवानांशी आधी संपर्क साधावा आणि त्यांना काय झेपेल, हे त्यांनाच विचारून मार्ग ठरवावा. केवळ सत्कारासाठी त्यांना व्यासपीठावर बसवू नये. ज्याला सायकल चालविणे शक्य नसेल, त्याच्याकडे मार्गदर्शन, वेळनोंद किंवा निशाण दाखविण्याचे काम सोपवावे. शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला विद्यार्थ्यांना जुन्या तीनचाकीची दुरुस्ती शिकविता येईल. जमलेला निधी ध्वजदिनाच्या अधिकृत मार्गानेच जमा करावा आणि त्याचा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा.

अशा कोणत्याही उपक्रमाचे मोजमाप दोन प्रश्नांनी करता येते. बैठकीवर जखमी जवान स्वतः होता काय? आणि जमलेला पैसा कोठे गेला, हे गावाला सांगता येते काय? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर दहा सायकलींची यात्राही सार्थकी लागली असे समजावे. देशासाठी शरीराचा भाग देणाऱ्या जवानाला आपल्याच गावच्या रस्त्यावरून सर्वांच्या बरोबरीने जाता यावे, ही त्याची अपेक्षा वाजवी आहे आणि ती पूर्ण करणे ग्रामपंचायत व शाळा यांच्या आवाक्यातील आहे.